धागा: अणुऊर्जा आणि संरक्षण संशोधनातली नोकरी – पदवीनंतर जावं का, कसं जावं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. माझी भाची मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला एका पोलाद कंपनीची नोकरी मिळाली आहे, पण तिच्या मनात बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) किंवा डीआरडीओ (संरक्षण संशोधन आणि विकास संस्था) आहे. घरी दोन तट पडलेत. तिचे बाबा म्हणतात, सरकारी नोकरी आहे, काम देशाचं आहे, डोळे मिटून जा. आई म्हणते, किरणोत्सर्गाची जागा, त्यात मुलीची जात, आणि काय काम करतेस हे आम्हालासुद्धा सांगता येणार नसेल तर कशाला?

इंटरनेटवर शोधलं तर क्लासच्या जाहिराती आणि पगाराची कोष्टकं एवढंच सापडतं. तिथे रोज सकाळी जाऊन माणूस नेमकं करतो काय, हे कुणी सांगत नाही. आपल्यातले कुणी या खात्यांत असाल किंवा होतात, तर सांगता येईल तेवढं सांगा. पगार, निवड, सुरक्षितता, बदल्या, नंतर बाहेर पडता येतं का, सगळंच हवं आहे. भाची हा धागा वाचणार आहे.

जुना_ट्रेनी

वारणाकाठ, चांगला विषय काढलात. मी ट्रॉम्बेत, म्हणजे मुंबईच्या बीएआरसीत, नोकरी करून निवृत्त झालो. जे जाहीर आहे तेवढंच लिहितो, आणि तेही पुष्कळ आहे.

आधी एक घोळ दूर करू. ही दोन वेगळी घरं आहेत. बीएआरसी अणुऊर्जा विभागाखाली येतं, जो थेट पंतप्रधानांकडे असतो. डीआरडीओ संरक्षण मंत्रालयाखाली, स्थापना 1958. अण्वस्त्रांच्या बाबतीत दोघांनी मिळून काम केल्याचं सर्वांना ठाऊक आहे. 1974 च्या पोखरण चाचणीत भौतिकशास्त्र आणि अणुइंधन ट्रॉम्बेचं होतं, तर स्फोटकांची बाजू चंदीगडच्या टीबीआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं सांभाळली. त्यामुळे 'अणु-संरक्षण संशोधन' अशी एकच पाटी लावलेली इमारत आपल्याकडे नाही आणि त्या नावाची वेगळी भरतीही निघत नाही. तुम्ही अभियंता किंवा शास्त्रज्ञ म्हणून खात्यात जाता. काम कुठलं, हे नंतर ठरतं.

बीएआरसीत पदवीधरांचा मुख्य दरवाजा म्हणजे ट्रेनिंग स्कूल. 1957 पासून चालू आहे. अप्सरा ही अणुभट्टी त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली होती. भट्ट्या बांधायच्या तर माणसं आधी घडवावी लागतील, आणि ती बाहेरून मिळणार नाहीत, हे होमी भाभांनी ओळखलं. अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल करून 1963 मध्ये याच दरवाजानं आत गेले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

बीई, बीटेक आणि एमएस्सी झालेल्यांसाठी एक वर्षाचा ओसीईएस नावाचा अभ्यासक्रम असतो. गेट या देशपातळीवरच्या परीक्षेचा स्कोअर किंवा त्यांची स्वतःची ऑनलाइन परीक्षा, यांपैकी कशानेही मुलाखतीपर्यंत पोचता येतं. आता नीट वाचा: अंतिम निवड फक्त मुलाखतीवर होते. गेटमध्ये पहिल्या पन्नासात असलेली मुलं परत जाताना मी पाहिली आहेत आणि कसाबसा कटऑफ पार केलेली आत येतानाही.

वर्षभर विद्यावेतन मिळतं, वसतिगृह असतं, आणि अभ्यास कॉलेजपेक्षा जड असतो. मेटलर्जीवाल्यांना अणुभट्टीचं भौतिकशास्त्र शिकावं लागतं आणि भौतिकशास्त्रवाल्यांना अभियांत्रिकी. सरासरी पन्नास टक्क्यांच्या खाली गेलं तर नेमणूक होत नाही. पार केलं की सायंटिफिक ऑफिसर 'सी', सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल 10, मूळ पगार 56,100, त्यावर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. खात्यात किमान तीन वर्षं राहीन, असा बाँड लिहून द्यावा लागतो. पुढे एक वर्षाचा प्रकल्प केला की होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची एमटेक मिळू शकते.

कामाबद्दल नंतर सविस्तर लिहितो. बोटं दुखायला लागली.

पाषाण_रोड

मी डीआरडीओत आहे, पुण्यात. कुठली प्रयोगशाळा ते लिहीत नाही.

आमच्याकडे शास्त्रज्ञांची भरती दिल्लीचं आरएसी हे डीआरडीओचंच भरती केंद्र करतं. सायंटिस्ट 'बी', तीच लेव्हल 10. गेल्या काही जाहिरातींमध्ये अंतिम यादीत गेटला 80 टक्के आणि मुलाखतीला 20 टक्के वजन होतं. म्हणजे बीएआरसीच्या बरोबर उलट. भाचीचं गेट उत्तम असेल पण बोलताना ती अडखळत असेल, तर तिनं आमचा अर्ज अजिबात सोडू नये.

महाराष्ट्रातल्या मुलांना वाटतं डीआरडीओ म्हणजे हैदराबाद आणि बंगळूर. पण पाषाणला एआरडीई आहे, तोफा आणि दारूगोळ्याचं काम. जवळच एचईएमआरएल, तिथं स्फोटकं आणि रॉकेटचं इंधन. पिनाका रॉकेट या दोघांच्या कामातून उभं राहिलं. दिघीला लष्करी पुलांचं काम करणारी आर अँड डीई आहे, अहिल्यानगरला वाहनांची व्हीआरडीई आणि अंबरनाथला नौदलासाठी लागणाऱ्या मटेरियल्सवर संशोधन करणारी एनएमआरएल. पाणबुडी पाण्याखाली जास्त काळ राहावी म्हणून लागणाऱ्या फ्युएल सेलचं काम अंबरनाथचं आहे.

मेटलर्जीसाठी मात्र सर्वांत मोठं घर हैदराबादचं डीएमआरएल. विक्रांत या विमानवाहू जहाजाचं पोलाद देशात बनलं, त्यामागे ही प्रयोगशाळा आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी. पोलाद कंपनीतली नोकरी हातात असलेल्या मुलीला हे नक्की सांगा. तिथंही पोलादच आहे, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

बढतीबद्दल: जागा रिकामी होण्याची वाट बघावी लागत नाही. ठरावीक वर्षांनी मूल्यमापन आणि मुलाखत होते, कामाच्या जोरावर वरची श्रेणी मिळते. अणुऊर्जा विभागातही साधारण अशीच पद्धत आहे. इतर सरकारी खात्यांत बढतीसाठी ताटकळणारी माणसं पाहिली की याची किंमत कळते.

धामणी

आमचा मुलगा बीएस्सी केमिस्ट्री करतोय. त्याला यात काही मार्ग आहे का? की फक्त इंजिनिअर आणि एमएस्सी?

जुना_ट्रेनी

धामणी, आहे. बीएआरसी स्टायपेंडरी ट्रेनी घेतं. पहिल्या गटात इंजिनिअरिंग डिप्लोमा आणि बीएस्सीवाले असतात. प्रशिक्षणानंतर सायंटिफिक असिस्टंट म्हणून नेमणूक होते. बीएस्सीला 60 टक्के गुण लागतात आणि वयाची अट कडक असते, त्यामुळे पदवीनंतर वर्षं वाया घालवू नका. रसायनशास्त्राच्या मुलांना वापरलेल्या अणुइंधनाची पुनर्प्रक्रिया आणि किरणोत्सर्गी कचऱ्याच्या संयंत्रांत खरंखुरं हातचं काम मिळतं. पुढे एमएस्सी करून ओसीईएसला बसायचा रस्ता उघडा असतोच.

आता कामाबद्दल.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कोटातला माणूस आणि बटणांची भिंत असते. प्रत्यक्षात मेटलर्जिस्ट काय करतो ते सांगतो, कारण विचारणारी मेटलर्जीची आहे.

अणुभट्टीत इंधन ज्यात असतं त्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. पण निसर्गात झिर्कोनियमबरोबर हाफ्नियम असतंच, आणि ते न्यूट्रॉन अधाशासारखे पितं. दोघांचं रसायन इतकं सारखं आहे की वेगळं करताना घाम फुटतो. हे काम हैदराबादच्या एनएफसीत, म्हणजे अणुइंधन संकुलात चालतं. नळी भट्टीत गेल्यावर ती हायड्रोजन शोषते, ठिसूळ होते, हळूहळू लांबते, वाकते. किती वर्षांनी बदलायची? आज चुकीचं उत्तर दिलं तर काय होईल? भट्टीतून काढलेली नळी हातात घेता येत नाही. जाड शिशाच्या काचेमागे उभं राहून यांत्रिक हातांनी तिचा तुकडा कापायचा, घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. कॉलेजात अर्ध्या तासात होणारा नमुना तिथं दिवस खातो.

प्लुटोनियमचं तर विचारूच नका. साध्या दाबाखाली एकाच धातूची सहा स्फटिकरूपं, आणि एका रूपातून दुसऱ्यात जाताना आकारमान चांगलंच बदलतं. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून अवघड आणि याहून मोहात पाडणारा पदार्थ सापडणार नाही. काम ग्लोव्ह बॉक्समध्ये चालतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे कुठे फट पडलीच तर हवा आत जाईल, बाहेर येणार नाही.

हेच ज्ञान वीजनिर्मितीला लागतं, हेच पाणबुडीच्या भट्टीला लागतं. अरिहंत या अणुपाणबुडीची भट्टी ऑगस्ट 2013 मध्ये क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यात स्वतःहून चालणारी साखळी प्रक्रिया सुरू झाली. तिच्यामागे किती लोकांनी किती वर्षं घातली आणि त्यातल्या किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मला भाचीला हीच एक गोष्ट सांगायची आहे. इथं प्रकल्प तुम्ही निवडत नाही, आणि पुष्कळदा त्याचं नावही घेता येत नाही. तुमचा म्हणून उरतो तो विषय. त्या विषयाची भूक असेल तर तीस वर्षं कमी पडतात. नसेल तर पहिलाच पावसाळा जड जातो.

चौथी_खिडकी

मी अशाच एका सरकारी प्रयोगशाळेत होतो, बाँड संपल्यावर बाहेर पडलो. दुसरी बाजू मी सांगतो. कडवटपणा नाही, पण मुलांना हे आधी कळायला हवं.

माझं सगळ्यात चांगलं काम मी कुठेही छापू शकलो नाही. खाजगी कंपनीच्या मुलाखतीत विचारलं, काय केलंत? मी पद्धती सांगितल्या, संगणकीय प्रारूपं सांगितली, पण कशासाठी केलं ते सांगता आलं नाही. 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा नोकरी सोडल्यावर सुटत नाही. परदेशात पीएचडी करायची इच्छा असेल तर तो विचार आत जाण्याआधी करा. आत असताना परदेशी जायला परवानगी लागते, साध्या सहलीलासुद्धा.

दुसरं म्हणजे संथपणा. एखादं उपकरण मागवायचं तर निविदा, समित्या, पुन्हा निविदा. ज्याला दर तीन महिन्यांनी नवं काहीतरी हातात हवं असतं, त्याचा इथं कोंडमारा होतो. माझा झाला. माझ्याच बॅचचा एक मित्र मात्र तिथंच रमला, कारण त्याला एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं बसायला आवडतं. त्याला मी आजही मानतो.

मोजमाप

भाचीच्या आईंसाठी लिहिते आहे. मी किरणोत्सर्ग संरक्षणात काम करते, म्हणजे लोकांना किती मात्रा मिळाली हे मोजणं हाच माझा व्यवसाय.

आपल्याकडे किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर जाऊ द्यायची नाही. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला 1. ही मर्यादा निसर्गातून मिळणारी मात्रा सोडून आहे. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवेतला रेडॉन, अवकाशातून येणारे किरण यांतून, जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला 2.4 मिळतातच. पोटाचा एक सीटी स्कॅन केला तर 8 ते 10.

प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज असतो. तो ठरावीक काळानं तपासला जातो आणि नोंद नोकरीभर जपली जाते. मर्यादेच्या जवळ जाईपर्यंत कुणी थांबत नाही. त्याच्या खूप आधी चौकशी होते, काम थांबवून पद्धत बदलली जाते. वेळ कमी करा, अंतर वाढवा, मध्ये आडोसा घाला, ही तीन तत्त्वं पहिल्या आठवड्यापासून अंगी बाणवली जातात.

मुलींच्या बाबतीत: गरोदर असल्याचं कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, असा नियम आहे. म्हणजे बाळाला सर्वसामान्य नागरिकाइतकंच संरक्षण. त्या काळात कामाची जागा बदलून दिली जाते. कृपया लवकर कळवा, लपवू नका. हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

आणि हेही खरं की या संस्थांमधल्या पुष्कळ लोकांचा किरणोत्सर्गाशी संबंधच येत नाही. संगणक, यंत्ररचना, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे बॅज बहुधा कोरेच येतात.

एक गोष्ट मला खटकते, तीही लिहिते. 2000 मध्ये बीएआरसीच्या सुविधांवरची देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून बीएआरसीच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे दिली गेली. परिषदेतली माणसं सक्षम आहेत, पण बाहेरच्या डोळ्याचं महत्त्व मला वेगळं वाटतं. नव्यानं येणाऱ्यांनी हे माहीत करून घेऊन यावं, आणि सुरक्षेबाबत प्रश्न विचारताना कचरू नये.

उत्तररात्र

पगार, बढती, मिलिसिव्हर्ट झालं. पण मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. या मुलीचं काम उद्या शस्त्राला लागलं तर? भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट अमेरिकेच्या अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात होते. जर्मनीकडे बाँब होणार नाही हे कळल्यावर 1944 मध्ये ते बाहेर पडले आणि पुढचं आयुष्य अण्वस्त्रांविरुद्ध काम केलं. 1995 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी भाभांच्याच टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेत गणिती होते. अणुऊर्जेऐवजी सूर्यऊर्जेवर पैसा घाला, असं ते जाहीरपणे म्हणत राहिले. 1962 मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. हा प्रश्न भाबडा नाही.

जुना_ट्रेनी

उत्तररात्र, प्रश्न योग्यच आहे, आणि तो आत जाण्याआधीच सोडवायचा असतो.

माझ्यापुरतं उत्तर असं. आपल्या देशानं प्रथम वापर न करण्याचं धोरण जाहीर केलं आहे, जानेवारी 2003 च्या निवेदनात ते लिखित आहे. दोन अण्वस्त्रधारी शेजारी असताना प्रतिबंधक शक्ती असावी, हे मला पटतं. ज्याला पटत नाही त्यानं येऊ नये. त्यात कमीपणा नाही. मात्र 'मी फक्त शांततेचंच काम करीन' अशी अट घालून येता येत नाही. तसा अर्ज नसतो, आणि झिर्कोनियमच्या नळीवर ती वीजघरात जाणार की आणखी कुठे, हे लिहिलेलं नसतं.

तरी खात्याचं सगळं काम शस्त्राचं आहे, ही समजूतही चुकीची. महाराष्ट्रात शेतकरी पेरतात तो टीएजी-24 भुईमूग ट्रॉम्बेचा. लासलगावला कांदा विकिरणाचं 'कृषक' केंद्र बीएआरसीनं उभारलं. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाचंच. कॅन्सरवरचं कोबाल्ट यंत्र भाभाट्रॉन, तेही इथलं. माझ्या बॅचमधले निम्म्याहून अधिक लोक आयुष्यभर अशाच कामात राहिले.

उत्तररात्र

सरळ उत्तराबद्दल आभार. सहमत नाही, पण भाचीला दोन्ही बाजू एका ठिकाणी वाचायला मिळाल्या, हे बरं झालं.

पाषाण_रोड

राहून गेलेल्या दोन गोष्टी. पेन्शन: 1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस ही वर्गणीवर चालणारी पेन्शन आहे. एप्रिल 2025 पासून यूपीएस या खात्रीच्या पेन्शनचा पर्याय आला आहे. घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात जुनी पेन्शन असते, ते स्पष्ट करा.

दुसरं, आत जाण्याआधी चव घ्यायची असेल तर आमच्या प्रयोगशाळांत इंटर्नशिप मिळते, जेआरएफच्या, म्हणजे कनिष्ठ संशोधकांच्या जागाही निघतात. जेआरएफमधून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही, पण वातावरण कळतं. खडकवासल्याजवळ गिरिनगरला डीआयएटी हे संरक्षण तंत्रज्ञानाचं विद्यापीठ आहे, तिथून एमटेक करता येतं. अग्नी क्षेपणास्त्रामुळे नाव झालेल्या टेसी थॉमस यांचं पदव्युत्तर शिक्षण याच संस्थेत, तिचं जुनं नाव असताना झालं.

मेटलर्जी_शेवटचं_वर्ष

नमस्कार, मीच ती भाची. मावशीनं धागा दाखवला. सगळं दोनदा वाचलं. आईनं मोजमाप ताईंची पोस्ट तिच्या मैत्रिणींना पाठवली.

उत्तररात्र, तुमच्या प्रश्नावर मी विचार केला आहे आणि मला जायचं आहे. चौथी_खिडकी, संथपणाची भीती वाटते, पण माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही एकाच मिश्रधातूच्या तडे जाण्यावर आहे आणि त्याचा मला कंटाळा आलेला नाही.

जुना_ट्रेनी काका, दोन प्रश्न. मुलाखतीत काय विचारतात? आणि मुंबई सोडून तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या अणुकेंद्रात नेमणूक झाली तर नुकसान आहे का?

जुना_ट्रेनी

बाळा, मुलाखत लांब चालते, तासभर गेला तरी दचकू नकोस. आधी तुझे आवडते विषय विचारतील. जे खरंच येतं तेच सांग, कारण मग त्याच विहिरीत तळापर्यंत उतरवतात. लोह-कार्बनची फेज आकृती फळ्यावर काढायला लावतील, आणि प्रत्येक रेघ तिथंच का आहे ते विचारतील. डिफ्यूजन, डिसलोकेशन, क्रीप, हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा. सूत्र पाठ म्हटलंस की विचारतील, हे गृहीतक काढलं तर काय होईल? उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पण असा विचार करून बघते' म्हण, आणि खरंच मोठ्यानं विचार कर. समोर बसलेल्यांना तेच ऐकायचं असतं. स्वतःचा प्रकल्प मुळापासून तयार ठेव, त्यातला कच्चा भाग सुद्धा.

कल्पक्कमबद्दल. कुठे नेमायचं ते खातं ठरवतं, पण पसंती विचारली तर धातुशास्त्राच्या मुलीनं कल्पक्कमला दुय्यम समजू नये. तिथली एफबीटीआर ही चाचणीची भट्टी 1985 पासूनची, शिवाय 500 मेगावॉटची पीएफबीआर ही मोठी भट्टी तिथंच आहे. या भट्ट्या द्रवरूप सोडियमनं थंड होतात आणि न्यूट्रॉन वेगवान असतात. त्यांच्या माऱ्यानं पोलादाच्या स्फटिकात पोकळ्या तयार होतात, आणि धातू आतून फुगतो. इंधन किती काळ भट्टीत ठेवता येईल हे शेवटी त्या फुगण्यावर ठरतं. म्हणजे भट्टीच्या मर्यादेचा प्रश्न तुझ्या विषयात येऊन थांबतो.

तुझा मिश्रधातू कुठला, आणि तडे कशामुळे जातायत, ताणामुळे की हायड्रोजनमुळे? गोपनीय नसेल तर इथंच लिही.

मेटलर्जी_शेवटचं_वर्ष

गोपनीय काही नाही काका. मॅरेजिंग स्टील (अतिमजबूत निकेलयुक्त पोलाद) आहे, वेल्डच्या शेजारच्या भागात तडे जातात. हायड्रोजनचा संशय आहे, पण हायड्रोजन घालवण्यासाठी बेकिंग करूनही काही नमुन्यांत जातातच. फोटो उद्या टाकते.